सेंटिनल्स ऑफ द मल्टिव्हर्स खेळणारं कोणी आहे का इथे? (पत्ते आणि त्याचं डिजिटल रूप)

भिडू_सांगलीकर

नमस्कार मंडळी. इथे ब्रिजचे, बुद्धिबळाचे, झालंच तर कॅरमचेही धागे आहेत, पण सगळ्यांनी एकाच बाजूने बसून खेळायच्या पत्त्यांवर काही सापडलं नाही म्हणून हा धागा काढतोय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

खेळाचं नाव सेंटिनल्स ऑफ द मल्टिव्हर्स. अमेरिकेत सेंट लुईसच्या ग्रेटर दॅन गेम्स नावाच्या छोट्याशा कंपनीने २०११ मध्ये काढला, ख्रिस्टोफर बॅडेल, पॉल बेंडर आणि अ‍ॅडम रेबोटारो या तिघांनी मिळून बनवलेला, चित्रं रेबोटारोची. २०१४ मध्ये हँडेलाब्रा गेम्सने त्याचं डिजिटल रूप आणलं, आधी टॅब्लेटवर आणि मग स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर. मी दोन्ही खेळलोय, बॉक्स वर्षानुवर्षं आणि डिजिटल आता जवळपास रोज, आणि मला जे सांगायचंय ते या दोन्हींमधल्या फरकाबद्दलच आहे, पण आधी खेळ काय ते सांगतो.

प्रत्येकाने एक सुपरहिरो घ्यायचा, तीन ते पाच हिरो लागतात. हिरोची स्वतःची ४० पानांची गड्डी. समोर एक व्हिलन, त्याची २५ पानांची. आणि तिसरी गड्डी जागेची, म्हणजे लढाई जिथे चाललीय तिची, १५ पानांची. व्हिलनच्या बाजूने माणूस कोणीच बसत नाही, त्याची गड्डीच त्याच्या वतीने खेळते, पाळी आली की वरचं पान उलटायचं आणि लिहिलंय ते निमूट भोगायचं. मग एकेक हिरो: एक पान टाका, एक पॉवर वापरा, एक पान उचला. पान टाकलं नाही आणि पॉवरही वापरली नाही तर दोन पानं उचलायला मिळतात. मग जागेची पाळी, आणि जागा कोणाचीच नसते, तिच्यातले डायनासोर हिरोलाही चावतात आणि व्हिलनलाही. मेंढीकोटात समोरचा आपला भिडू आणि शेजारचे दोघे वैरी, इथे टेबलाभोवती बसलेले सगळेच भिडू, जिंकलो तर सगळे आणि बुडालो तर सगळे.

हिरो मार्व्हल-डीसीचे नाहीत. सगळं विश्व या लोकांनी स्वतः रचलंय. प्रत्येक पानाच्या तळाशी कुठल्यातरी कॉमिकमधलं एक वाक्य आणि अंक क्रमांक छापलेला असतो, आणि ती कॉमिक्स कधी निघालीच नाहीत, सेंटिनल कॉमिक्स ही प्रकाशन संस्थाच काल्पनिक. तरी दहा-बारा डाव झाले की ती वाक्यं जुळवून जुळवून तुम्हाला आख्खी गोष्ट कळायला लागते, अमक्याचं तमक्याशी का वाकडं आहे ते. मला हे फार आवडतं.

आता एक व्हिलन जवळून दाखवतो म्हणजे चव कळेल. बॅरन ब्लेड, सगळ्यात सोपा, पहिल्या दिवशी सगळे याच्याशीच लढतात. चंद्र ओढून पृथ्वीवर आदळायचा त्याचा बेत. त्याला जीव ४०. सुरुवातीलाच त्याच्यापुढे मोबाइल डिफेन्स प्लॅटफॉर्म उभा असतो १० जीवांचा, तो आहे तोवर ब्लेडला ओरखडाही येत नाही. आणि मुख्य कलम असं की त्याच्या पाळीच्या सुरुवातीला त्याच्या टाकलेल्या पानांच्या ढिगात १५ पानं झालेली असली की चंद्र खाली आला, खेळ खलास. आता बघा, आपण त्याची माणसं मारतो, यंत्रं फोडतो, ती पानं जातात कुठे? त्याच ढिगात! म्हणजे तुम्ही जितकी जोरात साफसफाई कराल तितका चंद्र जवळ येतो, आणि साफसफाई नाही केली तर त्याची माणसं तुम्हाला भाजून काढतात. एवढ्या एका नियमावर आम्ही अर्धा अर्धा तास बोललोय की हा समोरचा शिपाई आत्ता मारायचा की त्याचा मार सोसून त्याला तसाच जिवंत ठेवायचा.

आता हिशेब. लेगसी नावाचा हिरो आहे, त्याची पॉवर अशी की त्याच्या पुढच्या पाळीपर्यंत सगळ्या हिरोंचा मार १ ने वाढतो. रा म्हणजे इजिप्तचा सूर्यदेव, त्याची पायर नावाची पॉवर २ चा मार देते. मग २ अधिक १ झाले ३. तुम्ही इन्सुला प्रायमॅलिस नावाच्या ज्वालामुखीच्या बेटावर असाल आणि ऑब्सिडियन फील्ड हे पान समोर असेल तर सगळ्यांचाच मार आणखी १ ने वाढतो, झाले ४. ब्लेडचं लिव्हिंग फोर्स फील्ड लागलेलं असेल तर वजा १, पुन्हा ३. हा झाला एक फटका. टेम्पेस्ट नावाच्या हिरोची स्क्वॉल ही पॉवर, तिचा मार हिरो सोडून समोरच्या प्रत्येकाला लागतो, समोर सात जण असले की सात वेळा हा हिशेब आणि प्रत्येकाचा वेगळा. आणि हे पाच हिरोंचं झालं की डायनासोरची पाळी.

आमच्याकडे हे सगळं वहिनी करायची. दादा २०१६ च्या दिवाळीत न्यू जर्सीहून बॉक्स घेऊन आला, आम्ही चौघं खेळायचो, दादा, वहिनी, माझा मामेभाऊ आणि मी. जीव मोजायची टोकनं बॉक्समध्ये असतात पण ती सारखी हलायची, सांडायची, म्हणून वहिनीने एक वही केली, व्हिलनचे जीव एका रकान्यात, शिपायांचे दुसऱ्या, कोणाला किती अधिक कोणाला किती वजा ते वर पेन्सिलीने. आम्ही तिघं पोझ घेऊन हाणामारी करायचो आणि ती मान खाली घालून वजाबाक्या. तिची पाळी आली की ती पटकन काहीतरी एक पान टाकायची कारण मागचा हिशेब अजून डोक्यात असायचा. आम्हाला वाटायचं वहिनीला खेळात फार रस नाही.

दादा-वहिनी परत गेले, बॉक्स माझ्याकडे राहिला. सुरुवातीला डिजिटलमध्ये ऑनलाइन एकत्र खेळायची सोय नव्हती, ती नंतरच्या अपडेटमध्ये आली, आम्हाला ते कळलं लॉकडाऊनमध्ये. चौघांनी घेतलं आणि पहिल्याच रविवारी बसलो. आणि मंडळी, वहिनी काय खेळली म्हणून सांगू! तिने रेथ ही हिरो घेतली होती. कुठल्या शिपायाला स्टन बोल्ट मारून त्याचा मार कमी करायचा, कोणाला हात लावायचा नाही, ढिगात किती पानं झालीत आणि पुढच्या दोन पाळ्यांत किती होतील, सगळं तिला आधीच दिसत होतं. ब्लेडच्या ढिगात १४ पानं होती तेव्हा मी एक शिपाई मारायला निघालो होतो, तो मेला असता तर १५ झाली असती, तिने फोनवर ओरडून थांबवलं मला. त्याच फेरीत आम्ही जिंकलो.

म्हणजे इतकी वर्षं आमच्यातली सगळ्यात चांगली खेळाडू आम्ही कारकून म्हणून बसवून ठेवली होती. डिजिटलने वही तिच्या हातातून काढून घेतली, बाकी त्याने काय काय केलं ते नंतर बोलू, पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ही.

इथे अजून कोणी खेळत असेल तर सांगा. नसेल खेळत तर विचारा, मी हौसेने सांगेन.

---

चिंचोके

मस्त लिहिलंय, एका दमात वाचलं. दोन प्रश्न. एक म्हणजे हे पोकेमॉनसारखं आहे का, की पाकिटं विकत घेत बसायची आणि आत काय निघेल ते नशीब? माझ्या मुलाने त्यात माझे बरेच पैसे घालवलेत म्हणून विचारतेय. दुसरं म्हणजे एकट्याने खेळता येतं का, आमच्या घरात मला सोडून कोणालाच पत्त्यांत रस नाही.

---

भिडू_सांगलीकर

चिंचोके ताई, नाही, पाकिटांचा प्रकार अजिबात नाही. मूळ संचात १० हिरो, ४ व्हिलन, ४ जागा, आणि प्रत्येक गड्डी आधीपासून ठरलेली, तुमची लेगसीची गड्डी आणि माझी लेगसीची गड्डी पानापानाला सारखी. डिजिटलमध्येही मूळ संच तोच. पुढे विस्तार आहेत बरेच, रूक सिटी, इन्फर्नल रेलिक्स, शॅटर्ड टाइमलाइन्स वगैरे, पण आत काय आहे ते बघून घ्यायचे, आणि मूळ १०-४-४ मध्येच इतक्या जोड्या होतात की वर्षभर दुसरं काही लागत नाही.

एकट्याने उत्तम खेळता येतं. तीन ते पाच हिरो तुम्हीच चालवायचे. टेबलावर हे एकट्याने करणं म्हणजे हात दुखतात, पाच गड्ड्या पिसा, पाच हात सांभाळा, हिशेब करा. डिजिटलमध्ये मी रात्री जेवण झाल्यावर एक डाव टाकतो, होऊन जातो निवांत.

शिवाय दर आठवड्याला एक वन-शॉट येतो, म्हणजे हिरो, व्हिलन, जागा सगळं त्यांनीच ठरवून दिलेलं आणि जगभर सगळ्यांना तोच डाव. आणि काही हिरोंची दुसरी रूपं लपवून ठेवलेली आहेत, ती उघडायला गोष्टीला धरून काहीतरी घडवून आणावं लागतं, अमुक हिरोने तमुक व्हिलनला अमुक ठिकाणी हरवायचं अशा तऱ्हेचं. हे डिजिटलवाल्यांनी फार प्रेमाने केलंय, कारण ती न निघालेली कॉमिक्स ज्याने मन लावून वाचलीत त्यालाच ते सुचतं.

---

वाड्यातला_पिंपळ

धागा आवडला. मी ६८ वर्षांचा आहे, सुपरहिरो वगैरे मला ठाऊक नाहीत, पत्ते मात्र आयुष्यभर खेळलो. माझा एक मुद्दा आहे, राग मानू नका. पत्त्यांची अर्धी मजा हातात आहे. पानं पिसताना येणारा आवाज, पानं पंख्यासारखी धरणं, भिडूच्या चेहऱ्याकडे बघून त्याच्याकडे हुकूम आहे की नाही ते ओळखणं. आणि हिशेब म्हणाल तर हिशेब डोक्यात ठेवणं हाच पत्त्यांचा अभ्यास. आम्ही चाळीत उन्हाळ्याच्या सुट्टीत तीनशे चारचे डाव मांडायचो तेव्हा कोणाची किती पानं गेली हे प्रत्येकाला पाठ असायचं. यंत्राने हिशेब केला तर माणसाचं डोकं कशाला लागतं मग?

---

भिडू_सांगलीकर

काका, राग कसला, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि पिसण्याच्या आवाजाला तर उत्तरच नाही माझ्याकडे. बॉक्स मी अजून जपून ठेवलाय, आणि सांगतो तुम्हाला, मागे एकदा दुसऱ्या शहरात पाठवायची वेळ आली तेव्हा कुरिअरमध्ये भिजला, जागेच्या दोन गड्ड्यांची पानं फुगली, मी ती एकेक करून टीपकागदात दाबून वाळवली, तीन दिवस. हातातल्या पानांची माया आहेच.

पण हिशेबाचं थोडं वेगळं आहे. तीनशे चारमध्ये गेलेली पानं लक्षात ठेवणं हाच डाव, त्यात तुम्ही शत्रूवर मात करता. इथे १ अधिक १ वजा १ यात मात करण्यासारखं काही नाही, ती नुसती पावती आहे. डोकं लागतं ते पुढे, कोणाला मारू, कोणाला सोडू, माझी पाळी मी वाया घालवून शेजारच्याला पान मिळवून देऊ का. आणि ते डोकं डिजिटलमध्येही तुमचंच. दोन गोष्टी एकाच वेळी घडणार असतील तर आधी कुठली ते तो तुम्हालाच विचारतो, आणि त्या एका उत्तरावर कधीकधी डाव फिरतो.

---

हिशेबाची_वही

भाऊजी, धाग्याची लिंक ह्यांनी पाठवली, बघते तर माझीच कथा! मग म्हटलं मीही लिहिते.

आधी वाड्यातला पिंपळ यांना. काका, तुम्ही म्हणता तसं मलाही आधी वाटलं होतं की हिशेब गेला म्हणजे माझं कामच गेलं. वही मी आवडीने करायचे हो, कोणी लादली नव्हती. पण झालं काय ते सांगते. पहिल्याच ऑनलाइन डावात स्क्रीनवर आकडा आला आणि मी म्हटलं हे चुकलंय, असं कसं, अ‍ॅब्सोल्यूट झिरोला एकच लागायला पाहिजे होता दोन का लागले. मग आम्ही थांबून लेगसीचं पान नीट वाचलं. त्यावर असं कुठेच लिहिलेलं नाही की फक्त शत्रूला मारलेला मार वाढतो. हिरोने मारलेला मार वाढतो, मग तो कोणालाही मारो, स्वतःलासुद्धा! आम्ही इतकी वर्षं चुकीचं खेळत होतो, आणि चुकीचा नियम माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर चौकोन करून लिहिलेला होता. त्या एका ओळीमुळे अ‍ॅब्सोल्यूट झिरो हा हिरो आम्हाला कधी कळलाच नव्हता, तो कोणी घ्यायचंच नाही.

म्हणजे यंत्राने माझं डोकं काढून घेतलं असं नाही झालं, उलट खेळाचे खरे नियम मला त्यानंतर समजले. आता मी प्रत्येक फटक्याआधी मनात आकडा धरते आणि मग बघते बरोबर आला का. चुकला की शोधते का चुकला.

मला चुकल्यासारखं वाटतं ते एवढंच की पूर्वी कोणाचा हिरो पडला की आम्ही सगळे एकदम "अरेरे" करायचो, ते फोनच्या स्पीकरवर एकमेकांवर आदळून काहीच ऐकू येत नाही.

---

अर्धा_कप

अरे वा, मी नाशिकहून. मी हे दोन महिन्यांपासून खेळतोय आणि मला वाटत होतं महाराष्ट्रात मी एकटाच!! वहिनी तुम्ही अ‍ॅब्सोल्यूट झिरोचं नाव काढलंत म्हणून विचारतो, तो चालवायचा कसा हो? त्याची पॉवर म्हणजे तो स्वतःलाच १ आगीचा नाहीतर १ थंडीचा मार देतो, हे काय आहे, मी स्वतःला मारून मारून दर वेळी सगळ्यात आधी पडतो आणि बाकीचे तीन हिरो बिचारे लढत बसतात. मी त्याला घेणंच सोडून दिलंय पण त्याची गोष्ट मला आवडते, तो कायम त्या गोठलेल्या सूटमध्ये अडकलेला माणूस, म्हणून सोडवतही नाही

---

हिशेबाची_वही

अर्धा कप, सोडू नकोस त्याला, तो माझा आता सगळ्यात लाडका आहे. सुरुवातीला पॉवर वापरूच नकोस. पॉवर वापरायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. त्याच्या दोन यंत्रांची वाट बघायची, त्यासाठी पान न टाकता पॉवर न वापरता दोन दोन पानं उचल, पहिल्या दोन-तीन पाळ्या अशा गेल्या तरी चालतं, बाकीच्यांना आधी सांगून ठेव की मला जरा सांभाळा.

पहिलं यंत्र आयसोथर्मिक ट्रान्सड्यूसर. त्याला आगीचा मार लागला की तो तेवढाच थंड मार दुसऱ्या कोणालाही देऊ शकतो. दुसरं नल-पॉइंट कॅलिब्रेशन युनिट. थंड मार लागायच्या ऐवजी तेवढे जीव परत मिळतात. आता लेगसी शेजारी आहे असं धर. पॉवर वापरून आग निवडलीस, १ अधिक लेगसीचा १, तुला लागले २. ट्रान्सड्यूसर म्हणतो २ थंड दे, त्यातही लेगसीचा १, शत्रूला लागले ३. पुढच्या पाळीला थंड निवड, १ अधिक १, नल-पॉइंटमुळे २ जीव परत. दिलेले फेडून घेतलेस बघ. आणि ऑब्सिडियन फील्ड समोर असेल, ज्याला सगळे घाबरतात, तर तुला लागतात ३ आणि शत्रूला ५! कारण वाढ दोन वेळा होते, एकदा तुझ्या अंगावर आणि एकदा जाताना. कोणी व्हिलन आग ओकणारा असला तर मग तर बोलायलाच नको, त्याची आग तू त्यालाच परत करतोस, त्याच्याच पाळीत.

एकच सांभाळ. रा सोबत असेल आणि त्याने इम्ब्यूड फायर टाकलं तर सगळ्या हिरोंचा मार आगीचा होतो, म्हणजे तू थंड निवडलंस तरी लागते आगच, आणि जीव परत मिळायचे बंद. त्यामुळे रा खेळणाऱ्याशी आधी बोलून घे. आमच्याकडे ह्यांनी एकदा न विचारता टाकलं होतं, मी दोन दिवस आठवण करून देत होते.

---

अर्धा_कप

वहिनी!!! आत्ता खेळून आलो. ब्लेड, इन्सुला प्रायमॅलिस, लेगसी-टॅकियॉन-बंकर-झिरो. झिरो शेवटपर्यंत उभा!! शेवटचा फटका त्याचाच, ५ चा, तुम्ही सांगितलेला!! मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, आईने आतून विचारलं काय झालं

---

कल्याण_लोकल

धागा वर आला म्हणून दिसला, बरं झालं. मी हे माझ्या लेकीबरोबर खेळतो, ती आता दहाची आहे, सुरुवात केली तेव्हा आठची होती. टॅब्लेट मधे ठेवायचा आणि दोघांनी दोन दोन हिरो घ्यायचे. पानांवरचं इंग्रजी तिला जड जायचं म्हणून मी प्रत्येक पान मराठीत वाचून दाखवायचो आणि त्यातून आमची एक भाषाच तयार झाली. डॅमेजला मार, पॉइंटना जीव, ट्रॅशला ढीग, आणि टार्गेट म्हणजे "मारण्यासारखा". "बाबा, हा मारण्यासारखा आहे का?" असं ती प्रत्येक नव्या पानाला विचारते. आता तीच मला इंग्रजी पान वाचून मराठीत सांगते, शाळेतलं इंग्रजी यापुढे काहीच नाही.

तिचा आवडता हाका, न्यूझीलंडचा माओरी योद्धा, ३४ जीव, कितीही मारा उभाच.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे या खेळात हिरो पडला तरी खेळणारा बाहेर बसत नाही. हिरोचं पान उलटं होतं आणि त्या बाजूला तीन कामं लिहिलेली असतात, दर पाळीला त्यातलं एक करून तो उरलेल्यांना मदत करतो, कोणाला पान उचलू देतो, कोणाला जीव देतो, असं काही काही. लहान मुलांबरोबर खेळताना याची किंमत कळते. इतर खेळांत बाद झालं की ती रडवेली होऊन उठून जायची, यात पहिल्यांदा तिचा टेम्पेस्ट पडला तेव्हा तिने नाकातून पाणी काढत विचारलं, "मग आता मी घरी जाऊ का?" म्हटलं नाही गं, उलटं पान वाच, तुला अजून काम आहे. तो डाव तिच्या उलट्या पानामुळेच वाचला होता.

दुसरी गोष्ट द ड्रीमर. शॅटर्ड टाइमलाइन्समधली व्हिलन, पण ती एक लहान मुलगी आहे, झोपेत आहे आणि तिची वाईट स्वप्नं राक्षस होऊन बाहेर येतात. तिला मारलं तर आपण हरलो. राक्षस हटवायचे पण मुलीला जपायचं. आणि मोठी गोष्ट अशी की व्हिजनरी नावाची जी हिरो आपल्या बाजूने लढते तिचंच ते लहानपणचं रूप. लेकीने तो डाव सुरू होताच टेम्पेस्ट बदलायला लावला, म्हणाली तो सगळ्यांना मारतो, चुकून तिला लागेल. हे मला सुचलं नव्हतं. स्क्वॉल खरंच समोरच्या प्रत्येकाला लागतो, तिलाही लागला असता.

---

शांत_नदी

छान चर्चा. मला एक शंका आहे. असे एकत्र खेळायचे खेळ मी ऑफिसच्या ग्रुपमध्ये खेळले आहेत आणि प्रत्येक वेळी एकच माणूस सगळ्यांच्या पाळ्या खेळतो. तू हे टाक, तू तिकडे जा. बाकीच्यांनी नुसती मान हलवायची. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा नाही गेले. यात तसं होत नाही का? मार्व्हल चॅम्पियन्स पण असंच एकत्र खेळायचं असतं ना, त्यातही मला तोच अनुभव आला.

---

भिडू_सांगलीकर

शांत नदी, तुमचा अनुभव अगदी खरा आहे, आणि मी तर म्हणेन आमच्यात तो माणूस दादा होता (दादा वाचत असशील तर वाच).

यात थोडं कमी होतं त्याचं कारण असं की प्रत्येकाची गड्डी इतकी वेगळी आहे की दुसऱ्याची नीट चालवता येत नाही. बंकरला आधी कुठल्या मोडमध्ये जायचं ते बंकर खेळणाऱ्यालाच कळतं, टॅकियॉनला ढिगात बर्स्टची पानं साठवायची असतात आणि मग लाइटस्पीड बराज टाकून एका झटक्यात तो सगळा साठा मार म्हणून बाहेर, तिने किती थांबायचं ते तिचं तिला माहीत. चार गड्ड्या एकाच माणसाच्या डोक्यात बसत नाहीत, निदान चालू डावात तरी.

मार्व्हल चॅम्पियन्स २०१९ चा, फँटसी फ्लाइटचा. चांगला खेळ आहे, पण त्यात गड्डी आपण आपली बांधायची असते, त्यामुळे जो जास्त खेळलाय तो नव्याची गड्डीही बांधून देतो आणि मग पाळीही सांगतो. इथे गड्डी ठरलेलीच, नवा माणूस आणि जुना माणूस एकाच पायरीवर बसतात.

पण खरं सांगायचं तर खेळ कितीही चांगला असला तरी हे माणसांवर आहे. आम्ही एक नियम केलाय, ज्याची पाळी त्याने आधी बोलायचं, "मी असं करायचं म्हणतोय," आणि मगच बाकीच्यांनी. त्याने विचारलं तरच सांगायचं. ऑनलाइन हे पाळणं सोपं गेलं, कारण दादाचा हात दुसऱ्याच्या पानापर्यंत पोचतच नाही! टेबलावर तो चक्क पान उचलून टाकायचा.

---

दादा_न्यूजर्सी

वाचलं. मान्य आहे. दोन वर्षं झाली मी कोणाचं पान उचललेलं नाही.

एक भर घालतो. इथे एप्रिल २०२५ मध्ये टॅरिफचा, म्हणजे आयात शुल्काचा, जो गोंधळ झाला त्यात ग्रेटर दॅन गेम्सची मालक कंपनी फ्लॅट रिव्हर, तिने टॅरिफचं कारण देऊन तिथल्या बहुतेक लोकांना कमी केलं. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं, घरातलं काही गेल्यासारखं. बॅडेल आणि रेबोटारो २०१७ पासून द लेटर्स पेज नावाचा पॉडकास्ट करत आलेत, त्या न निघालेल्या कॉमिक्सच्या गोष्टी सांगायचा, मी ऑफिसला जाता-येता ऐकत आलोय, त्यामुळे ओळखीची माणसं वाटतात. २०२१ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन काढून सगळी पानं नव्याने लिहिली होती त्यांनी, चित्रंही नवी.

म्हणून माझं म्हणणं, ज्यांना आवडेल त्यांनी डिजिटल विकत घेऊनच खेळा. याच हँडेलाब्राने स्पिरिट आयलंडचंही डिजिटल केलंय, तोही मुळात ग्रेटर दॅन गेम्सचा खेळ, आणि तोही एकत्र मिळून खेळायचा.

---

वाड्यातला_पिंपळ

परत आलो. नातवाने टॅब्लेटवर लावून दिलं. तीन डाव झाले, तिन्ही हरलो, चंद्र दोनदा पडला. पण तुम्ही म्हणता ते लक्षात आलं, आकड्यांकडे बघायची गरज नाही म्हटल्यावर मी ढिगाकडे बघायला लागलो, कोणती पानं गेली, कोणती राहिली. ब्लेडची २५ पानं, त्यातली १४ गेली की ११ उरतात, आणि त्या ११ मध्ये काय आहे हे आधीच्या दोन डावांत मी पाहिलेलं होतं. ही तर आमचीच विद्या झाली! चौथा डाव आज रात्री.

एक विचारायचं होतं, माझ्यासारख्याने कोणता हिरो घ्यावा? नातू म्हणतो हाका.

---

हिशेबाची_वही

काका, हाका सोपा आहे, पण तुम्ही पानं लक्षात ठेवणारे, तुम्ही व्हिजनरी घ्या. तिची साधी पॉवरच अशी की कोणाही एकाला पान उचलू द्यायचं. ती स्वतः फार मारत नाही, पण भिडूच्या हातात कधी काय पाहिजे ते तिलाच बघावं लागतं. मेंढीकोटाच्या मुरलेल्या भिडूसारखीच आहे ती.

---

भिडू_सांगलीकर

तर मग खेळायचंच का एकदा सगळ्यांनी? शनिवारी रात्री साडेनऊ, न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे बारा. पाच हिरो लागतील जास्तीत जास्त. काका व्हिजनरी, वहिनी झिरो, अर्धा कप टॅकियॉन घे तू, कल्याण लोकल लेकीला हाका देऊन बसवा, आणि मी लेगसी, कोणालातरी १ वाढवून द्यायला हवाच. दादा या वेळी बघायला बसेल. बोलायला कॉल वेगळा लावू आणि एकेकाने बोलू. व्हिलन ऑम्निट्रॉन ठेवतो, १०० जीव आहेत, पाच जणांना पुरेल. शांत नदी, पुढच्या शनिवारी माझी जागा तुमची, चिंचोके ताई, त्याच्या पुढच्या शनिवारी तुम्ही.

---

कल्याण_लोकल

लेक विचारतेय ऑम्निट्रॉन मारण्यासारखा आहे का. हो सांगितलंय. साडेनऊला हजर.